निरामिष आमिष

'आमिष' हा शब्द आज आपण बहुधा लोभ किंवा लालूच याच अर्थाने वापरतो. मतदाराला आमिष, गिऱ्हाइकाला आमिष, नोकरीचे आमिष, असे शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यात येतात. परंतु संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणूनच मांसाहार तो सामिष आणि शाकाहार तो निरामिष. गळाच्या टोकाला मांसाचा तुकडा लावून मासा भुलविण्याची रीत फार जुनी आहे, आणि भुलविण्याच्या साऱ्याच साधनांना आपल्या भाषेने त्या तुकड्याचे नाव देऊन टाकले आहे.

मग ज्या आमिषात मांसाचा कणही नाही, जे लाकडाचे, पितळेचे, शिशाचे, पिसांचे किंवा रबराचे आहे, त्याला काय म्हणावे? शब्दाशी प्रामाणिक राहावयाचे तर 'निरामिष आमिष' असेच म्हणावे लागेल. हा वदतोव्याघात आहे हे आम्ही जाणतो. परंतु या वदतोव्याघाताला दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा मोठा मनोरंजक इतिहास आहे. त्याची मुख्य रंगभूमी अमेरिकेतील लहान तलाव व तळी ही होय आणि त्यातील प्रमुख पात्रे दोन मासे आहेत: बास आणि क्रॅपी. हा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचे कारण केवळ कुतूहल नाही. त्याच्या शेवटी एक असा प्रश्न उभा राहतो की तो आपल्या तळ्यांनाही लागू पडावा.

प्रथम थोडे घरचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. ते कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. या ग्रंथाच्या गीतविनोदात मराठी पद्यरचना सापडते, म्हणून मराठी वाङ्मयाचे इतिहासकार त्याचा उल्लेख नेहमी करतात. परंतु ज्या विनोद-विंशतीत गीतविनोद आहे, तिच्यातच 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे, याची आठवण फार थोड्यांना असते. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. नद्यांतील व समुद्रातील मासे कोणते, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, त्यांना एका जागी येण्याची सवय कशी लावावी आणि मग काठी, दोर व गळ घेऊन कसे बसावे, हे सारे त्या राजाने शास्त्रीय टापटिपीने सांगितले आहे. कोकणात व गोव्यात ज्याला आपण गरी म्हणतो, तिचा हा राजमान्य पूर्वज होय.

सोमेश्वराच्या पद्धतीत एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचे आमिष म्हणजे खरे अन्न. मासा फसतो तो अन्नाच्या आत लपलेल्या गळाने. अन्न मात्र खोटे नसते. खोट्या अन्नाची कल्पना तशी पश्चिमेकडेही नवी नव्हे. रोमन काळातील लेखक इलियन याने मॅसिडोनियातील एका नदीवर गळाला तांबडी लोकर व कोंबड्याची पिसे बांधून, माशीचा भास निर्माण करून मासे पकडणाऱ्या लोकांचे वर्णन करून ठेवले आहे. इंग्लंडात ही पिसांची माशी ट्राउट नावाच्या माशासाठी पुढे फार नावारूपास आली. परंतु ट्राउट हा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्याचा मासा. अमेरिकेच्या मध्यभागातील कोमट, गढूळ, शेवाळलेल्या तळ्यांत त्याचा निभाव लागत नाही. तेथे दुसऱ्याच माशांचे राज्य आहे.

त्या माशांची ओळख करून दिली पाहिजे. मोठ्या तोंडाचा बास हा पाणवनस्पतींच्या आडोशाला, पडलेल्या झाडाच्या सावलीत, दबा धरून बसणारा शिकारी. त्याचा जबडा डोळ्याच्याही मागे पोहोचतो आणि समोर येईल ते तो गिळू पाहतो: मासोळी, बेडूक, नदीतील झिंगा, प्रसंगी उंदीरही. क्रॅपी हा त्याच्याच कुळातला, म्हणजे अमेरिकेत ज्यांना सूर्यमासे म्हणतात त्या कुळातला. परंतु स्वभावाने निराळा. तो चपटा, रुपेरी, काळ्या ठिपक्यांचा, थव्याने राहणारा. त्याच्या तोंडाची त्वचा कागदासारखी पातळ असते. जोराने हिसका दिला की गळ ती फाडून निघून जातो. त्याचे डोळे असे बसविलेले असतात की तो आपले भक्ष्य बहुधा वरच्या बाजूस पाहतो. एकाच तळ्यात, कधी एकाच बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत हे दोघे राहतात. पण एकाला जे भुलवील ते दुसऱ्याला भुलवीलच असे नाही. आमिषाच्या निवडीचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

बासच्या नावाचीही एक गंमत आहे. १८०२ साली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लासेपेद याच्यापुढे या कुळातील एक मासा आला, त्याच्या पाठीवरचा पर फाटलेला होता. मागे राहिलेला लहानसा तुकडा हा स्वतंत्र लहान पर आहे असे समजून त्याने या माशाच्या वंशाला 'लहान पराचा' अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. चूक पुढे उघडकीस आली, पण नाव राहिले ते राहिलेच. ज्या माशाला फसविण्यासाठी पुढे शेकडो कारखाने उभे राहिले, त्याने पहिल्याच भेटीत एका पंडिताला फसविले होते.

आता मूळ कथेकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाचा एक घड्याळजी होता. त्याने घड्याळातील दातेरी चक्रांची युक्ती गळाच्या रिळाला लावली. मूठ एकदा फिरविली की रीळ अनेकदा फिरावे, अशी ही योजना होती. तोवर आमिष काठीच्या टोकाशी, जवळपासच्या पाण्यात सोडले जाई. आता ते दूरवर फेकता येऊ लागले आणि वेगाने ओढून घेता येऊ लागले. हा बदल दिसावयास लहान, पण त्याचे परिणाम मोठे झाले. स्थिर लोंबणारे आमिष खरे असावे लागते, कारण माशाला ते हुंगावयास वेळ मिळतो. पळणारे आमिष खरे नसले तरी चालते. त्याने खरे असल्यासारखे पळावे, एवढे पुरते.

पळणाऱ्या खोट्या आमिषाचे पहिले मोठे यश म्हणजे चमचा. व्हरमाँट राज्यातील एका सरोवरात ज्युलिओ ब्युएल नावाचा तरुण होडीत बसून जेवत असता त्याच्या हातून चमचा पाण्यात पडला आणि लकाकत बुडणाऱ्या त्या चमच्यावर एका माशाने झडप घातली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा खरेखोटेपणा कसाही असो. १८५२ साली ब्युएलने धातूच्या फिरत्या चमच्याचे पेटंट घेतले आणि न्यूयॉर्क राज्यातील व्हाइटहॉल येथे त्याचा धंदा उभारला, हे खरे. चमच्याचा आकार मासोळीसारखा नाही, त्याला डोळा नाही, शेपूट नाही. त्याच्यापाशी एकच गुण आहे: तो डगमगतो आणि डगमगताना चमकतो. मासोळीची कूस वळताना जशी चमकावी, तशीच ही चमक. माशाला फसविण्यासाठी सारा मासा घडवावा लागत नाही, त्याचे एखादे लक्षण उचलले की काम होते, हा धडा येथे प्रथम मिळाला.

तरीही प्रतिष्ठित मंडळींत बासला मान नव्हता. ट्राउट पकडणे हे सद्गृहस्थाचे लक्षण आणि बास पकडणे हा शेतकऱ्यांच्या पोरांचा उद्योग, अशी समजूत होती. सिनसिनाटी येथून १८८१ साली डॉ. जेम्स हेन्शल या वैद्याचा 'बुक ऑफ द ब्लॅक बास' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याने या समजुतीवर पहिला जोरदार घाव घातला. इंचास इंच आणि पौंडास पौंड तोलून पाहता बासइतका झुंजार मासा दुसरा नाही, अशी त्याची प्रतिज्ञा होती. जातिभेद माणसांप्रमाणे माशांतही कसा कल्पिला जातो आणि एखादा ग्रंथ तो कसा हलवू शकतो, याचे हे एक उदाहरण होय.

याच सुमारास मिशिगनमधील डवॅजिअॅक या गावी जेम्स हेडन राहत होता. तो मधमाशा पाळण्यात नामांकित. त्या विषयावर त्याने पुस्तकही लिहिले होते. गावच्या गिरणीच्या तळ्याकाठी मित्राची वाट पाहत बसला असता चाळा म्हणून चाकूने तो एक लाकडाचा तुकडा तासत होता. तो तुकडा त्याने सहज पाण्यात भिरकावला, आणि एका बासने खालून उसळी मारून तो हवेत उडविला. लाकूड खाद्य नाही हे त्या माशाला कळावयास हवे होते. पण पाण्याच्या पृष्ठावर काहीतरी पडले, हलले, एवढेच त्याला पुरे झाले. हेडनने लाकडाचे बेडूक कोरण्यास प्रारंभ केला आणि १९०२ साली पेटंट घेतले. पाहता पाहता त्या लहानशा गावाचे नाव कृत्रिम आमिषांशी कायमचे जोडले गेले. हेडनच्या आमिषांचे संग्रहालय आज त्या गावी आहे.

हेडनच्या मागून अनेक आले. इंडियाना राज्यातील गॅरेट गावी १९१६ साली क्रीक चब नावाची कंपनी निघाली. तिने लाकडी मासोळीच्या तोंडाशी धातूची लहानशी तिरपी जीभ बसविली. ओढताना पाणी त्या जिभेवर दाबते, मासोळी खाली बुडते आणि डावीउजवीकडे अंग वळवीत पोहू लागते. दोरीचा ताण सोडला की ती पुन्हा वर येते. जीभ लांब व सरळ असली तर मासोळी खोल जाते. आखूड व उभी असली तर वरच्या थरातच राहते. निवडीची पहिली खरी कसोटी ही होय. आज मासा किती खोलीवर आहे, हे प्रथम ठरवावे; आकार आणि रंग मागाहून. ॲक्रनच्या फ्रेड आर्बोगास्ट याने १९३८ साली बाजारात आणलेले जिटरबग हे आमिष उलट कधीच बुडत नाही. ते पाण्याच्या पृष्ठावर गडगड आवाज करीत चालते. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, वारा पडलेला असता, काठालगतच्या उथळ पाण्यात बास चरावयास आले की अशा आमिषाचे दिवस येतात.

पण कारखाना आला की त्याच्यामागून बाजार आला. दुकानातील काचेच्या पेटीत ही आमिषे मांडली गेली: लाल डोक्याची, सोनेरी पोटाची, जाळीतून रंग फवारून खवले उमटविलेली, काचेच्या डोळ्यांची. येथे एक अडचण उत्पन्न होते. आमिष गिळतो मासा, परंतु ते विकत घेतो माणूस. म्हणजे प्रत्येक आमिषाला दोन परीक्षा उतराव्या लागतात, आणि पहिली परीक्षा पाण्याबाहेरची असते. पुष्कळशी आमिषे पहिल्या परीक्षेत उत्तम रीतीने उतरून दुसरीत नापास होत. पेटी मात्र भरत जाई. पेटीतील आमिषांची संख्या आणि गळाला लागलेल्या माशांची संख्या यांचा काही निश्चित संबंध असतो, असे आम्हांस वाटत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा १९३२ चा आहे. तो आर्थिक मंदीचा काळ. जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी नावाचा वीस वर्षांचा गरीब शेतकरी तरुण राहत होता. २ जून रोजी पावसाने शेत भिजल्यामुळे औत धरता येईना, म्हणून तो एका मित्राला घेऊन मॉन्टगोमेरी तळ्यावर गेला. हे तळे म्हणजे ओकमल्गी नदीने टाकून दिलेले जुने वळण. दोघांत मिळून काठी एक, रीळ एक आणि आमिष एक, ते क्रीक चब कंपनीचे. निवड करावयाची म्हटली तरी करणार कशातून? त्या दिवशी पेरीने पकडलेला बास २२ पौंड ४ औंस, म्हणजे सुमारे १० किलो भरला. मोठ्या तोंडाच्या बासचा तो जागतिक उच्चांक ठरला. मासा वजन करून घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. पुढे लक्षावधी माणसांनी लक्षावधी आमिषे पाण्यात टाकली, पण ७७ वर्षे त्या वजनाची बरोबरी कोणालाही साधली नाही.

आमिषांच्या इतिहासात यानंतर दोन मोठी वळणे आली. पहिले फिनलंडमध्ये. लाउरी रापाला हा तेथील मासेमार. सरोवरात जाळी लावताना तो पाहत असे की शिकारी मासा मासोळ्यांच्या साऱ्या थव्यातून नेमकी तीच मासोळी निवडतो, जी जखमी होऊन लंगडत पोहते. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली, चॉकलेटवरचा चकचकीत कागद तिला गुंडाळला, छायाचित्रांच्या जुन्या फिती वितळवून वरून रोगण दिले, आणि ती लंगडत पोहेपर्यंत तासत राहिला. ऑगस्ट १९६२ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकात तिच्यावर लेख आला. तो अंक मॅरिलिन मन्रोच्या मृत्यूचा असल्यामुळे घराघरांत गेला आणि रापालाची मासोळी अमेरिकेतील तळ्यांत पोहोचली. दुसरे वळण ओहायोतील ॲक्रनचे. तेथे निक क्रीम नावाच्या यंत्र-कारागिराने १९४९ साली मऊ प्लॅस्टिकचा गांडूळ बनविला. लाकडी मासोळी तोंडात धरताच मासा ती थुंकून टाकतो. मऊ गांडूळ तो क्षणभर अधिक धरून ठेवतो. शिवाय गळाचे टोक गांडुळाच्या अंगातच दडविता येत असल्यामुळे शेवाळात, पडलेल्या झाडांत, जेथे उघडा गळ अडकून बसेल तेथेही तो ओढता येतो. बासचे खरे घर अशाच जागी असल्यामुळे या गांडुळाने साऱ्या लाकडी मासोळ्यांना मागे टाकले.

क्रॅपीच्या बाबतीत मात्र इतिहास इतका थाटाचा नाही. त्याचे आमिष म्हणजे जिग. शिशाच्या वाटोळ्या थेंबात ओतून बसविलेला लहान गळ आणि त्याच्या दांडीवर बांधलेली मऊ पिसे किंवा इंच-दीड इंच लांबीची प्लॅस्टिकची शेपटी, एवढेच त्याचे स्वरूप. वजन एक षोडशांश किंवा एक बत्तिसांश औंस, म्हणजे दीड-दोन ग्रॅम किंवा त्याहूनही कमी. बुचाच्या तरंगत्या तुकड्याखाली हे जिग नेमक्या खोलीवर लोंबत ठेवावयाचे. क्रॅपी वर पाहतो, म्हणून ते थव्याच्या किंचित वर असावे. खाली गेले तर जणू नाहीच. ते फार हलवू नये. पिसे स्वतःच श्वास घेतल्यासारखी हलतात. आणि मासा लागला की हिसका न देता हळूच उचलावे, नाही तर ते कागदी तोंड फाटते. बासला चिथवावे लागते. क्रॅपीची समजूत घालावी लागते.

रंगाविषयी एवढे वाद झाले आहेत की शास्त्रज्ञांनाही त्यांत पडावे लागले. इलिनॉय येथील फ्रँक ब्राउन याने १९३७ साली बासना निरनिराळे रंग ओळखावयास शिकवून पाहिले आणि असा निष्कर्ष काढला की बासची दृष्टी पिवळसर काचेतून पाहणाऱ्या माणसासारखी असावी. २०१९ साली त्याच राज्यातील संशोधकांनी पुन्हा प्रयोग केले. तांबडा आणि हिरवा रंग बासला चांगला ओळखता येतो; परंतु काळा व निळा यांत, तसेच पिवळट हिरवा व पांढरा यांत त्याचा गोंधळ उडतो. दुकानातील पेटीत हे चारही रंग वेगवेगळ्या खणांत असतात, हे सांगावयास नकोच. गढूळ पाण्यात तर रंगापेक्षा पाण्याचा कंप महत्त्वाचा. माशाच्या कुशीवरील संवेदनरेषेला तो कळतो. म्हणून तेथे वाटोळ्या पात्याचे, जोराने धडधडणारे आमिष टाकतात आणि नितळ पाण्यात निमुळत्या पानासारख्या पात्याचे, केवळ चमकणारे.

आतापर्यंत माणूस आमिष कसे निवडतो ते आम्ही सांगितले. आता आमिष काय निवडते ते पाहू, कारण आमच्या मते या इतिहासाचा खरा विषय तो आहे.

अमेरिकेतील लहान तळी बव्हंशी निसर्गाने दिलेली नाहीत. १९३० नंतरच्या दशकात धुळीच्या वादळांनी मैदानातील माती उडाली, तेव्हा मृदसंधारणाच्या सरकारी योजनांतून शेताशेतांवर बांध घालून तळी केली गेली. आपल्या शेततळ्यांची ही अमेरिकन बहीण. या तळ्यांत कोणते मासे किती सोडावे, याचा अभ्यास अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षे केला. एका बासमागे दहा ब्लूगिल, असे ढोबळ प्रमाण त्याच्या कार्यातून रूढ झाले. बास कमी झाले की ब्लूगिल अतोनात वाढतात, अन्न पुरेनासे होते आणि साऱ्या तळ्यात बोटभर लांबीचे उपाशी मासे उरतात. क्रॅपीही असाच बेसुमार वाढून खुजा होतो. म्हणून लहान तळ्यात तो सोडूच नये, असा जाणत्यांचा सल्ला असतो. एकूण एवढ्याशा पाण्याचा तोल त्यातील मूठभर बासवर टिकून असतो. मग गळाला लागतो तो कोणता बास, या प्रश्नाला फार महत्त्व येते.

त्याचे उत्तर इलिनॉयमधील रिज लेक या लहान तलावात मिळाले. १९७० नंतरच्या दशकात तेथे पकडलेल्या प्रत्येक बासवर खूण करून तो पुन्हा सोडला जाई. १९८० साली तलाव रिकामा करून मासे मोजले, तेव्हा दिसून आले की काही मासे वारंवार गळाला लागले होते आणि काही एकदाही नाही. डेव्हिड फिलिप व त्याच्या सहकाऱ्यांनी या दोन गटांची पैदास वेगवेगळी केली. तीन पिढ्यांनंतर, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष स्पष्ट होता: गळाला लागण्याची प्रवृत्ती पित्याकडून पुत्राकडे जाते. मग असे धाडसी मासे कोणते? बासमध्ये पिल्लांचा सांभाळ नर करतो. उथळ पाण्यात खळगा करून तो अंड्यांवर पंख्याप्रमाणे शेपूट हलवीत राहतो आणि जवळ येईल त्यावर तुटून पडतो. २०१२ सालच्या पुढील संशोधनात आढळले की जे नर आमिषावर हमखास झडप घालतात, तेच आपल्या पिल्लांचे सर्वांत दक्ष रक्षक असतात. वसंतात खळग्यावरून ओढलेल्या लाकडी मासोळीवर बास तुटून पडतो तो पुष्कळदा भुकेने नव्हे, तर बापाच्या कर्तव्याने. तो गळाला लागून वर आला की काही क्षणांतच ब्लूगिल त्या खळग्यावर धाड घालतात.

तेव्हा निरामिष आमिषाने केलेली निवड ही अशी आहे. घड्याळजीच्या चक्रांपासून प्लॅस्टिकच्या गांडुळापर्यंत माणसाने जे जे सुधारले, त्याने तळ्यातील भित्रे व बेफिकीर मासे मागे ठेवले आणि उत्तम बाप वर काढले. याचा अर्थ गळ टाकणे पाप आहे असा आम्ही करीत नाही. अमेरिकेतील हौशी मंडळींनाच हे प्रथम उमगले, हेही सांगितले पाहिजे. १९७२ साली बास पकडण्याच्या मोठ्या स्पर्धा भरविणाऱ्या रे स्कॉट याने पकडलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा स्पर्धांत आणली आणि ती सर्वत्र पसरली. आज पुष्कळ जण खळग्यावर बसलेल्या माशाला हातच लावीत नाहीत. आमिषाच्या निवडीत शेवटची निवड ही की अमुक दिवशी, अमुक जागी, कोणतेच आमिष टाकावयाचे नाही.

दुसरा धोका मात्र दूरच्या देशांना भोवला. १९२५ साली अकाबोशी तेत्सुमा या जपानी गृहस्थाने अमेरिकेतून बास आणून आशी सरोवरात सोडले. तेथून ते पसरत गेले. बिवा या प्राचीन सरोवरातील मूळच्या माशांवर त्यांनी आणि मागाहून आलेल्या ब्लूगिलने मोठी आपत्ती आणली. अखेर २००५ साली जपानने बासला उपद्रवी परदेशी प्राणी ठरवून त्याची ने-आण व सोडणे यांवर बंदी घातली. २ जुलै २००९ रोजी पेरीच्या उच्चांकाची बरोबरी झाली, ती या बिवा सरोवरातच. मानाबू कुरिता याने पकडलेला तो मासा पेरीच्या माशाहून औंसभर जड होता, पण नियमाने दोन औंसांचा फरक लागतो, म्हणून दोघांचा मान सारखा ठरला. आणि आमिष कोणते होते? जिवंत ब्लूगिल. पावणेदोनशे वर्षांच्या लाकूड-पितळेच्या कारागिरीनंतर उच्चांक पुन्हा सामिष आमिषालाच मिळाला.

आता पुन्हा घराकडे. आज गोव्याच्या खाड्यांत चोणक आणि तांबसो पकडणारे तरुण, किंवा तळ्याकाठी मरळीची वाट पाहणारे हौशी, हेडन आणि रापाला यांच्या आमिषांचीच वंशावळ हाती धरून बसलेले असतात. त्यात वावगे काही नाही. लाकडी मासोळी दूरदेशीची असली तरी ती स्वतः पिल्ले घालीत नाही. परंतु परक्या पाण्यातला मासा आणून आपल्या तळ्यात सोडण्याचा मोह होईल, तेथे बिवा सरोवराची आठवण ठेवावी. आफ्रिकेतील तिलापिया १९५२ साली आपल्या देशात आला आणि आता त्याला परत पाठविणे कोणाच्याही हाती राहिलेले नाही.

आमच्या मनात या निमित्ताने रायगड जिल्ह्यातील वाळण कोंड उभी राहते. काळ नदीच्या त्या डोहात महसीर मासे देवाचे म्हणून राखलेले आहेत. भाविक काठावरून त्यांना खाऊ टाकतात, मासे वर येतात, खातात आणि निघून जातात; गळ मात्र तेथे कोणी टाकीत नाही. सोमेश्वराने मत्स्यविनोदाचे दोन भाग सांगितले होते: आधी माशाला खाऊ घालणे आणि मग गळ टाकणे. त्या डोहावरच्या खेडूतांनी पहिला भाग ठेवला आणि दुसरा वगळला. सगळीकडे तसे करता येणार नाही, हे खरे. पण प्रत्येक तळ्याच्या वर्षात असे काही आठवडे असावेत, आणि ते कोणते हे गळ टाकणाऱ्याने आमिषांची पेटी उघडण्यापूर्वी ठरवावे.